रुंद कोनाचे भिंग निवडताना



पूर्वी आमच्या गावात कोणी वारले, की दहाव्याच्या आत घरातला एखादा मुलगा माझ्या दाराशी येई. मी शाळेत गुरुजी, आणि हौसेने फोटो काढतो, ही गोष्ट पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक. मुलगा ओट्यावर टेके, पाणी पिई आणि मग हळूच विचारी, "गुरुजी, तुमच्या एकाद्या फोटूत आमचं म्हातारं घावतंय का बघा की." भिंतीवर लावायला, हार घालायला एक चेहरा हवा असे. आज घरोघरी मोबाइल आहे, चेहऱ्यांना तोटा नाही. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पुष्कळ कष्टकरी माणसे उभ्या आयुष्यात फोटोत सापडत ती कुणाच्या तरी लग्नातल्या नाहीतर जत्रेतल्या घोळक्यात. तालुक्याचा स्टुडिओवाला त्या घोळक्यातून तेवढे एक तोंड उचलून मोठे करून देई.

२००४ साली असाच एक मुलगा आला. त्याचे वडील आमच्या भागातले नावाजलेले गुळव्या. काहिलीतल्या रसाच्या नुसत्या बुडबुड्यांकडे बघून काहील कधी उतरवायची हे सांगणारा माणूस. सगळे त्यांना आबा म्हणत. दोन हंगामांपूर्वी मी त्यांच्या गुऱ्हाळावर फोटो काढला होता हे मुलाच्या लक्षात होते. मीही मोठ्या ऐटीत निगेटिव्ह काढून दिली. चार दिवसांनी स्टुडिओतून मोठा केलेला फोटो आला. आबांचे तोंड आडवे पसरलेले, एक गाल बाहेरच्या बाजूला ओढलेला, आणि सगळ्यावर रव्यासारखे दाणे. घरातल्या म्हातारीने तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि परत दिला. म्हणाली, "ह्ये आमचं मानूस न्हवं."

भिंग उत्तम होते. कॅमेरा धड होता. फिल्मही नीट धुतली गेली होती. चुकली होती ती माझी निवड. ती कशी चुकली, आणि तशी चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून पैसे मोजण्याआधी काय करावे, एवढेच आज सांगणार आहे. हल्ली पुष्कळ तरुण शिक्षक आजोबांच्या ट्रंकेतला जुना फिल्म कॅमेरा काढून पुसूनपासून पुन्हा वापरू लागले आहेत. त्यांतल्या ज्यांच्या हाती रेंजफाइंडर कॅमेरा आला असेल, त्यांना हे उपयोगी पडेल.

रेंजफाइंडर म्हणजे अंतर मापणारा कॅमेरा. त्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. डोळा लावला की मधल्या लहानशा चौकोनात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, एकीवर एक सरकलेल्या. भिंगाची कडी फिरवत जायचे. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसल्या की अंतर जमले. आपले दोन डोळे जे काम करतात तेच हे यंत्र करते. जर्मनीत वेट्झलर गावच्या लाइट्स कारखान्यात ऑस्कर बार्नॅक नावाच्या कारागिराने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा लहान कॅमेरा तयार केला आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका या नावाने तो लोकांपुढे आला. अंतरमापक त्याच्या पोटात बसला तो १९३२ साली. त्याच नमुन्यावर पुढे सोव्हिएत संघात फेड आणि झॉर्की निघाले, जपानात कॅननने आपले कॅमेरे काढले. माझा झॉर्की-४ मी मुंबईच्या जुन्या बाजारात घेतला होता.

या कॅमेऱ्यात आरसा नसतो ही लक्षात ठेवण्याची गोष्ट. एस.एल.आर. कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा खाली-वर होतो, त्याला जागा लागते. म्हणून त्याचे रुंद भिंग फिल्मपासून दूर बसवावे लागते आणि ते काचा वाढवून जड होते. आमच्या कॅमेऱ्यात भिंगाची पाठ फिल्मच्या अगदी जवळ नेता येते. त्यामुळे रुंद भिंगे लहान, हलकी आणि सरळ रेघा सरळ ठेवणारी होतात. शटर दाबताना आरशाचा धक्काही बसत नाही. रुंद भिंग वापरायचे तर हा कॅमेरा त्याचे माहेरघरच म्हणा ना.

आता रुंद म्हणजे किती? भिंगावर आकडा कोरलेला असतो: ५०, ३५, २८, २१. हे त्याचे नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा जितका लहान तितके भिंग रुंद. पुस्तकांतून याचे कोन अंशांत दिलेले असतात, पण उभे राहून फोटो काढताना अंशांचा मला कधी उपयोग झाला नाही. त्रैराशिकाचा झाला. फिल्मवरच्या चौकटीची रुंदी ३६ मिलिमीटर. ३६ ला भिंगाच्या आकड्याने भागा आणि समोरच्या अंतराने गुणा. तेवढी रुंदी फोटोत येणार. म्हणजे ३५ च्या भिंगात जेवढे अंतर तेवढीच रुंदी, हिशेबच नको. दहा फुटांवर उभे राहा, दहा फुटांचे दृश्य येईल. ५० च्या भिंगात पाऊणपटीला थोडी कमी, २८ मध्ये सवापटीला थोडी जास्त, २१ मध्ये जवळजवळ पावणेदोनपट. आणि माझा भाचा २००२ साली परदेशातून येताना मला भेट म्हणून जे घेऊन आला, त्या १५ च्या भिंगात जवळजवळ अडीचपट.

गुऱ्हाळाचे छप्पर ठेंगणे, आत वाफ, सात-आठ फुटांची काहील, खाली चुलवाण, मागे चिपाडाचा ढीग. दारातून काहिलीच्या पलीकडची माणसे दहा फुटांवर. तोपर्यंत माझ्याकडे एकटे ५० चे भिंग होते. त्यात सात फूट यायचे. काहील यायची तर माणूस कापला जायचा, माणूस घ्यावा तर काहील जायची. मागे सरावे तर मागे राखेचा खड्डा. आणि आता हातात हे नवे भिंग! दहा फुटांवरून चोवीस फूट! मी दारात उभा राहिलो आणि एका फोटोत अख्खे गुऱ्हाळ आणले: काहील, चुलवाणात चिपाड ढकलणारा गडी, ढेपा, साखळीवरचा कंदील, सहा माणसे. आबा डाव्या टोकाला मळी काढायचा झारा धरून उभे होते. फोटो धुऊन आला तेव्हा मी तो शाळेत सगळ्यांना दाखवला. सगळे म्हणाले, वा, किती मावलंय!

मावले खरे. पण मावण्याचा हिशेब मी एकाच बाजूने केला होता. दहा फुटांवरच्या माणसाचा चेहरा ५० च्या भिंगाने फिल्मवर ज्वारीच्या दाण्याएवढा उमटतो. ३५ च्या भिंगाने बाजरीच्या दाण्याएवढा. १५ च्या भिंगाने तो राईच्या दाण्याएवढा, जेमतेम एक मिलिमीटर. राईच्या दाण्यातून भिंतीवर लावायचे तोंड काढायचे तर फिल्मचे दाणे दिसणारच. त्यात स्टुडिओवाल्याचा काय दोष?

दुसरी गोष्ट याहून वाईट, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. रुंद भिंग चौकटीच्या कडेला असलेल्या गोल वस्तूंना बाहेर ओढते. भिंग खराब असते म्हणून नव्हे. सरळ रेघा सरळ ठेवायच्या असतील तर हे व्हावेच लागते. शिक्षक बंधुभगिनींनो, याचा एक प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. खोलीत अंधार करा. भिंतीपासून दोन हातांवर मेणबत्ती ठेवा आणि मेणबत्ती व भिंत यांच्यामध्ये एक लिंबू दोऱ्याला टांगून धरा. ज्योतीच्या बरोबर समोर लिंबाची सावली गोल पडते. आता लिंबू भिंतीशी समांतर ठेवून बाजूला सरकवत न्या. सावली लांबट होत जाते, अंड्यासारखी, मग त्याहूनही लांब. लिंबू तर बदलले नाही. प्रकाश भिंतीवर तिरका पडू लागला एवढेच. भिंगाच्या जागी ज्योत समजा, फिल्मच्या जागी भिंत, आणि लिंबाच्या जागी आपल्या माणसाचे डोके.

हे ओढणे किती, याचाही हिशेब बसतो, आणि गंमत अशी की तो जुन्या आण्यांत फार चांगला बसतो. आणे १९५७ साली चलनातून गेले, पण आमच्या पिढीच्या तोंडून गेले नाहीत. माणसाच्या चेहऱ्याची खरी रुंदी सोळा आणे धरा. तो माणूस फोटोच्या अगदी डाव्या किंवा उजव्या कडेला उभा असेल, तर ५० च्या भिंगात त्याचा चेहरा रुपयाला एक आणा रुंद होतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. ३५ मध्ये दोन आणे, खपून जाते. २८ मध्ये तीन आणे. घरचे माणूस म्हणते, काय हो, जरा सुटल्यासारखे दिसता. २१ मध्ये पाच आणे. आणि १५ मध्ये नऊ आणे, म्हणजे दीडपटीच्याही वर. आबांचा चेहरा माझ्या भिंगाने दीडपट रुंद केला होता. चाळीस वर्षे त्या माणसाबरोबर संसार केलेल्या बाईने तो ओळखला नाही यात नवल नाही. आज संगणकावर असा ताणलेला चेहरा पुष्कळसा सरळ करता येतो. त्या वेळी आमच्या तालुक्याच्या स्टुडिओत ती सोय नव्हती, आणि राईच्या दाण्याची ज्वारी तर संगणकालाही करता येत नाही.

समोरची भिंत, फळा, दाराची चौकट, जमिनीवर नव्हे तर भिंतीवर सपाट असलेले जे जे काही, ते मात्र कॅमेरा सरळ धरला तर ओढले जात नाही. म्हणून वाडा, देऊळ, पडकी शाळा यांचे फोटो २१ च्या भिंगाने सुंदर येतात. माझी तक्रार भिंगाशी नाही. तुम्हाला कशाचे फोटो काढायचे आहेत हे आधी ठरवा, असे माझे म्हणणे आहे. आणि खेड्यात राहून फोटो काढणाऱ्याला कधी ना कधी माणसांचे काढावेच लागतात. लोक ते काढायला लावतात.

मग निवडावे कसे? विकत घेण्याआधी आठ दिवस भिंग वापरून पाहायचे असेल तर एक बिनपैशाची युक्ती आहे. जुन्या वहीचा जाड पुठ्ठा घ्या. त्यात १८ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापा. ही फिल्मच्या चौकटीची बरोबर पाचपट झाली. आता पुठ्ठ्याला एक दोरा बांधा आणि त्याला पुठ्ठ्यापासून मोजून चार गाठी मारा: २५ सेंटिमीटरवर, साडेसतरावर, चौदावर आणि साडेदहावर. पहिली गाठ ५० च्या भिंगाची, दुसरी ३५ ची, तिसरी २८ ची, चौथी २१ ची. गाठ डोळ्याखाली गालावर धरायची, दोरा ताणायचा, दुसरा डोळा मिटायचा. खिडकीतून जे दिसेल तेच ते भिंग फोटोत देईल. मुलांकडून हस्तव्यवसायाच्या तासाला चाळीस पुठ्ठे करून घेतले तरी चालतील.

हा पुठ्ठा घेऊन आपल्या नेहमीच्या जागी फिरा. लोक हसतील, हसू द्या. स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभे राहा. वर्गात फळ्याकडे तोंड करून मागच्या भिंतीपाशी उभे राहा. कुंभाराच्या ओसरीत, न्हाव्याच्या दुकानात, बैलगाडीच्या चाकापाशी. मी हे फार उशिरा केले, पण केले तेव्हा एक गोष्ट चटकन उलगडली. आपल्याकडच्या खोल्या लांबी-रुंदीला साधारण सारख्या असतात. माजघर दहा बाय बारा, वर्ग अठरा बाय वीस. एका टोकाला भिंतीशी टेकून उभे राहिले की समोरची भिंत ३५ च्या खिडकीत जवळजवळ पूर्ण बसते, कारण मघाशी सांगितले तसे जेवढे अंतर तेवढी रुंदी. त्याहून रुंद भिंग हवे असे मला वाटत होते, ते बहुतेक जागी माझ्या भिडस्तपणामुळे. मी दारातच उभा राहायचो. आत चार पावले टाकून, "येऊ का?" म्हणून विचारायला संकोच वाटायचा, आणि ती चार पावले मी भिंगाकडून वसूल करू पाहत होतो. उलट रुंद भिंगाचा खरा उपयोग आत जाऊन जवळ उभे राहण्यासाठी आहे. जवळ गेले की माणूस मोठा राहतो आणि त्याच्याभोवतीचे घरही येते.

म्हणून एकच भिंग घ्यायचे असेल त्याला मी ३५ चे घ्या म्हणतो. घरे फारच लहान असतील, चाळीतल्या खोल्या किंवा आठ बाय आठची झोपडी, तर २८ चे घ्या, पण मग माणसाला चौकटीच्या कडेपासून आत ठेवण्याची शिस्त बाळगा. कडेला रांजण, कणगी, भिंत येऊ द्या. रांजण थोडा फुगला तर रडत नाही. २१ आणि त्याखालची भिंगे इमारतींसाठी, डोंगरांसाठी. तीही दुसरे भिंग म्हणून. आणि ही सारी भिंगे वापरताना कॅमेरा वर-खाली कलवू नका. दीपमाळ पूर्ण यावी म्हणून कॅमेरा वर उचलला की दीपमाळ मागे पडत चालल्यासारखी दिसते. त्यापेक्षा मागे सरा, किंवा समोरच्या ओट्यावर चढा.

आता आणखी एक प्रश्न येतो, तो या जातीच्या कॅमेऱ्याचाच. डोळा लावायची खिडकी भिंगातून पाहत नाही; ती शेजारून पाहते. तुम्ही भिंग बदलले तरी खिडकीत दिसते ते तेच. त्यासाठी आत चौकटी आखलेल्या असतात, आणि तुमच्या कॅमेऱ्यात कोणत्या चौकटी आहेत ते पाहूनच भिंग घ्यावे. माझ्या झॉर्कीत ५० एवढेच दिसते. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये ५०, ९० आणि १३५ च्या चौकटी आहेत, ३५ ची नाही. म्हणून त्या सुप्रसिद्ध कॅमेऱ्यावर रुंद भिंग लावणाऱ्याची पंचाईत होते. एम-२ मध्ये ३५ ची चौकट आली. २८ ची पुढच्या काळात आली; १९८४ च्या एम-६ मध्ये ती सापडेल. १९६१ च्या कॅनन-७ मध्ये ३५ ची आहे. चौकट नसेल तर कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅशच्या पट्टीत वेगळा व्ह्यूफाइंडर सरकवावा लागतो. म्हणजे एका खिडकीत अंतर जमवा, मग डोळा उचलून दुसऱ्या खिडकीत चित्र जमवा. तोवर वासरू पळून जाते. शिवाय तो व्ह्यूफाइंडर वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि जुन्या बाजारात कधी कधी तोच भिंगाइतका महाग पडतो. भिंगाची किंमत विचारताना ही बाब धरूनच बोला.

चष्मेवाल्यांनी आणखी एक पाहावे. चष्म्यामुळे डोळा खिडकीपासून थोडा दूर राहतो, आणि २८ ची चौकट असली तरी तिच्या कडा दिसत नाहीत. मान इकडून तिकडे करावी लागते. माझा चष्मा जाड आहे. ३५ पर्यंत मला सगळे दिसते, २८ ला अंदाज करावा लागतो. दुकानात चष्मा घालून खिडकीतून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

अंतर जमवण्यात मात्र रुंद भिंग मोठी सवलत देते. ३५ च्या भिंगाचे छिद्र ८ वर ठेवा आणि अंतराची कडी १७ फुटांवर लावून सोडून द्या. साडेआठ फुटांपासून पुढे डोंगरापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. २८ च्या भिंगाची कडी साधारण ११ फुटांवर ठेवली तर साडेपाच फुटांपासून पुढचे. जत्रेत, बैलांच्या शर्यतीत, प्रभातफेरीत अंतर जमवत बसायलाच नको. अंधाऱ्या जागी छिद्र उघडावे लागते, तिथे ही सवलत संपते आणि अंतरमापक कामाला येतो. गुऱ्हाळात ४०० ची फिल्म, २.८ चे छिद्र आणि सेकंदाचा तिसावा भाग एवढ्यावर माझे काम भागते; श्वास रोखून आणि खांबाला टेकून. म्हणून २.८ किंवा २.५ पर्यंत उघडणारे भिंग पुरे आहे. १.४ ची भिंगे जड, महाग, आणि खिडकीचा एक कोपरा झाकून टाकणारी. त्या पैशांत फिल्मचे कितीतरी रोल येतील, आणि हल्ली रोलचीच किंमत जास्त जाणवते.

नावे सांगायची तर थोडीच सांगतो. आट्याच्या, म्हणजे स्क्रूच्या बसणीच्या जुन्या कॅमेऱ्यासाठी रशियन ज्युपिटर-१२ हे ३५ चे भिंग अजून सापडते. जर्मनीच्या झाइस कारखान्यातल्या बिओगॉन भिंगावरून ते बेतले आहे. त्याची मागची काच लांब बाहेर आलेली असते. टेबलावर उभे ठेवायला गेलात तर ओरखडा आलाच, आणि काही कॅमेऱ्यांत ती आतल्या भागाला टेकते, म्हणून हलक्या हाताने बसवून पाहावे. नव्या काळातल्यांत जपानमध्ये बनलेले फोक्टलेंडर नावाचे २.५ छिद्राचे ३५ लहानसे आणि चांगले आहे. आट्याचे भिंग मधे एक कडी घालून लायकाच्या एम बसणीवर लागते; एम बसणीचे भिंग आट्याच्या कॅमेऱ्यावर लागत नाही. कडी घेताना ती ३५ ची आहे की ५० ची हे विचारा. चुकीच्या कडीने खिडकीत चुकीची चौकट उगवते आणि फोटो धुऊन आल्यावरच चूक कळते.

जुने भिंग हाती आले की त्याचे छिद्र पूर्ण उघडा आणि मागून विजेरीचा झोत टाकून पुढून तिरके पाहा. बारीक ओरखडे एक-दोन असले तर बिघडत नाही. दुधासारखी पुटे दिसली तर उन्हात फोटो पांढरट येतील. आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंचे ठिपके दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने हा शत्रू घरातच असतो. बुरशीचे भिंग स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, आणि घेतलेच असेल तर बाकीच्या भिंगांशेजारी ठेवू नका. चांगले भिंगही कातडी पिशवीत घालून कपाटात कोंडू नये. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. पुड्या नसतील तेव्हा तांदूळ कोरडे भाजून, गार करून, घट्ट विणीच्या कापडात पुरचुंडी बांधून ठेवत असे. पण दर रविवारी डबा उघडून भिंग उजेडात काढणे हा त्याहून चांगला उपाय. वापरातल्या भिंगावर बुरशी क्वचितच धरते.

घेतल्यावर पहिला रोल परीक्षेसाठी घालवा. कुंपणाच्या खांबांची एक तिरकी रांग पाहा, मधल्या खांबावर अंतर जमवा, छिद्र पूर्ण उघडून फोटो काढा. फिल्म धुऊन आल्यावर मधलाच खांब सर्वांत स्पष्ट असेल तर भिंग आणि कॅमेरा यांचे जमते आहे. पुढचा-मागचा स्पष्ट असेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्यावे लागेल. रशियन भिंग जर्मन कॅमेऱ्यावर लावणाऱ्यांनी ही परीक्षा टाळू नये.

मी ते १५ चे भिंग विकले नाही. भेटीची वस्तू, आणि देवळाच्या सभामंडपासाठी ते अजून काढतो. आबा गेल्यानंतरच्या वर्षी मी ३५ घेतले. आता त्या काहिलीवर त्यांचा मुलगा असतो. दर हंगामात एकदा मी तिथे जातो, प्रत्येकाचे दोन-दोन फोटो काढतो, आणि छापून आणून देतो. पहिल्या वर्षी मी त्याला म्हणालो, "बाबा, तू मधे ये, कडेला नको." तो म्हणाला, "गुरुजी, मधे काहील हाय. गुळव्याची जागा कडेलाच." म्हणजे सरकायचे मलाच होते. दारातून आत गेलो, चुलवाणाला वळसा घातला, चष्म्यावर वाफ आली ती धोतराच्या सोग्याने पुसली, आणि त्याच्या समोर सहा फुटांवर उभा राहिलो.